जुन्या गाडीतला जाम प्लग: आटे वाचवून कसा काढायचा

मारुती ८०० चा स्पार्क प्लग २१ च्या पान्याला साधारण एका झटक्यात ‘कट्’ करून सुटतो. तो आवाज आला नाही, दांडा धरलेलं मनगट थरथरायला लागलं आणि तरी प्लग जागचा हलला नाही, तर पाना खाली ठेवायचा. त्या दिवशी आणखी जोर लावायचा नाही. प्लग आज ना उद्या फेकायचाच असतो. हेडमधले (सिलिंडरांवरच्या झाकणातले, ज्यात प्लग बसतो) आटे मात्र दुकानात मिळत नाहीत, आणि खाली सांगितलेली सगळी खटपट त्यांच्यासाठीच आहे.

बडोद्यात अशा गाड्या अजून बऱ्याच आहेत. दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या गल्ल्यांत आणि मांजलपूरकडच्या सोसायट्यांत वडिलांच्या वेळची ८००, ओम्नी, एखादी प्रीमियर पद्मिनी कापडाखाली उभी असते. आठवड्यातून एकदा सुरू होते, बाजारापर्यंत जाऊन परत येते. किलोमीटर वाढत नाहीत, म्हणून प्लग काढायची वेळ आली असं कोणाला वाटत नाही. पण प्लग आट्यांत धरतो तो किलोमीटर मोजून नाही. चार पावसाळे तो तसाच बसून राहिला की पाचव्या वर्षी पान्याला दाद देत नाही.

तो धरतो कशामुळे

आधी हेड कशाचं आहे ते बघा. ८००, ओम्नी, झेन, पद्मिनी या गाड्यांची हेडं ॲल्युमिनियमची आहेत. जुन्या १४८९ सीसी ॲम्बेसिडरचं हेड बिडाचं. दोन्हींत प्लग जाम होतो, पण कारण वेगळं आणि उपायातही थोडा फरक पडतो.

ॲल्युमिनियममध्ये पोलादी प्लग बसला आणि दोघांच्या मध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. झिजेतून पांढरी-करडी पूड तयार होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि आट्यांच्या फटीत सिमेंटसारखी बसते. इंजिन धुताना मारलेलं पाणी, प्लगच्या खाचेत साचलेला पाऊस, वायरीच्या टोकाची, प्लगवर बसणारी फाटलेली रबरी टोपी, एवढं त्याला पुरे होतं. बिडाच्या हेडात ही पूड नसते, तिथे साधा तांबडा गंज असतो.

दुसरं कारण आतल्या टोकाला असतं. प्लगचे शेवटचे दोन-तीन आटे ज्वलनाच्या खोलीत डोकावत असतील तर त्यांच्यावर काजळी चढते आणि भाजून कडक होते. प्लग काढताना हे कडक आटे हेडच्या मऊ आट्यांतून ओढत आणावे लागतात. चुकीच्या लांबीचा प्लग बसवला की हमखास असं होतं. १४ मिमीच्या प्लगमध्ये आट्यांची लांबी मुख्यतः १२.७ किंवा १९ मिमी असते, आणि दोन्ही प्लग एकाच भोकात तितक्याच सहज बसतात. आखूड जागेत लांब प्लग गेला तर त्याचे आटे काजळतात. लांब जागेत आखूड प्लग गेला तर हेडचे उघडे राहिलेले आटे काजळतात, आणि पुढच्या खेपेला योग्य प्लग अर्ध्यावर अडकतो.

याशिवाय मागच्या वेळी कोणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो, नाहीतर तापलेल्या इंजिनातून ओढून काढताना आटे घासलेले असतात.

कारण कोणतं हे प्लग स्वतःच सांगतो. अजिबात हलत नसेल तर वरच्या बाजूचा गंज, पूड किंवा जास्त आवळणं. एक-दीड फेरा सहज फिरून मग घट्ट होत गेला तर आतली काजळी. हा फरक लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या प्रकारात जोर लावून पुढे रेटणं सर्वांत घातक.

हातात काय हवं

खोल सॉकेट, म्हणजे गॅरेजमधली गोटी, आणि ती सहा कोनांचीच. बारा कोनांची गोटी प्लगच्या पैलूंच्या (पाना बसतो त्या षटकोनी बाजूंच्या) कडांवर धरते आणि जाम प्लगचे कोपरे गोल करून टाकते. जुन्या गाड्यांना बहुधा २१ ची गोटी लागते (पैलू प्रत्यक्षात २०.८ मिमी असतात), नंतरच्या बऱ्याच गाड्यांना १६ ची. गोटीत आत रबर किंवा चुंबक असला तर प्लगची चिनी माती (वरचा पांढरा ठिसूळ भाग) मध्यभागी धरली जाते. टूलकिटमधला पत्र्याचा नळीपाना या कामाला घेऊ नका, तो जोरात वाकडा होतो आणि तिरका दाब थेट चिनी मातीवर येतो.

दांडा २५ ते ३० सेंटीमीटरचा. त्याहून लांब नको, आणि दांड्यात पाइप घालून लांबी वाढवणं तर मुळीच नको. याचा हिशेब साधा आहे. ३० सेंटीमीटरच्या दांड्याच्या टोकाला १० किलोचा जोर म्हणजे सुमारे ३० न्यूटन-मीटर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या हेडात १४ मिमीचा प्लग बसवायला लागतो तेवढा. २० किलो म्हणजे त्याच्या दुप्पट. काढताना तीच आमची हद्द आहे. त्या पलीकडे प्लग सुटण्यापेक्षा त्याचं धड पिळवटून तुटण्याची शक्यता वाढते. मीटरभर पाइप लावला की हाताला काही कळायच्या आत ही हद्द ओलांडली जाते.

बाकी सामान: गंज सोडवणारं पातळ तेल, मेडिकलच्या दुकानातली ५ मिलीची सिरिंज, जुना टूथब्रश, पितळी ब्रश, टॉर्च, मास्किंग टेप, स्वच्छ चिंध्या. तेलाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. डब्ल्यूडी-४० चा साधा निळा-पिवळा डबा ओल हटवायला चांगला, पण वर्षानुवर्षं बसलेल्या आट्यांत शिरायला तो कमी पडतो. खास गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा आणा. तो मिळाला नाही तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन सारख्या प्रमाणात मिसळा. हे मिश्रण पटकन वेगळं होतं, म्हणून दरवेळी बाटली हलवून घ्या. ॲसिटोनने रंग उतरतो आणि ते लगेच पेटतं, तेव्हा बॉनेटच्या कडेला सांडू देऊ नका आणि इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय टाकू नका.

पहिला दिवस: साफसफाई आणि तेल

कामाला सकाळ धरा. बडोद्यात मे महिन्यात दुपारी दोनला उन्हातल्या बॉनेटखालचं हेड गाडी न चालवताही हाताला चटका देतं. ‘थंड इंजिन’ म्हणजे रात्रभर सावलीत उभं असलेलं.

बॅटरीची ऋण तार काढा. प्लगच्या वायरींवर टेप लावून १, २, ३ असे आकडे टाका. ८०० मध्ये ठिणगीचा क्रम १-३-२ आहे आणि पद्मिनी, ॲम्बेसिडरमध्ये १-३-४-२. वायरी अदलाबदल झाल्या तर नंतर गाडी अडखळेल आणि दोष नव्या प्लगवर जाईल. टोपी ओढताना वायरीला धरू नका. टोपी मुठीत धरून आधी पाव फेरा फिरवा, मग सरळ ओढा. वर्षानुवर्षं चिकटलेली टोपी वायरीने ओढली की आतला धागा तुटतो.

आता प्लगभोवतीची खाच साफ करा. यात कसूर नको. खाचेत वाळू, पान, गंजाचे कण असतात. प्लग सुटला की ते सरळ सिलिंडरमध्ये पडतात. टूथब्रशने मोकळं करा, मग हवा मारा. कॉम्प्रेसर नसेल तर सायकलचा पंप चालतो, फक्त डोळ्यांवर चष्मा हवा, कारण कचरा सरळ तोंडावर येतो.

साफ झाल्यावर सिरिंजने प्लगच्या बुडाशी, जिथे वॉशर हेडवर टेकतो तिथे, गोलाकार २ मिली तेल सोडा. जास्त ओतून फायदा नाही. ते खाचेत साचतं, आट्यांत मात्र तेवढंच शिरतं. प्लग आडवा किंवा तिरका बसलेला असेल तर तेल ओघळून जातं, अशा वेळी तेलात भिजवलेला कापसाचा पातळ पेळू प्लगच्या बुडाभोवती गुंडाळून ठेवा.

दहा मिनिटांनी गोटी चढवा, तिला सरळ एक्सटेन्शन लावा आणि एक्सटेन्शनच्या डोक्यावर लहान हातोडीने वीस-पंचवीस हलक्या टिचक्या द्या. खिळा ठोकायचा नाही, दारावर बोटाने टकटक करतो तेवढंच. गोटी प्लगच्या पैलूंच्या खांद्यावर टेकली पाहिजे, चिनी मातीवर नाही. आत चिनी माती टेकत असेल तर हे करू नका. या टिचक्यांनी पूड आणि गंज भेगाळतो आणि त्या भेगांतून तेल उतरतं. संध्याकाळी पुन्हा २ मिली तेल, पुन्हा टिचक्या. रात्रभर राहू द्या.

दुसरा दिवस: पहिला पाव फेरा

गोटी पूर्ण खाली बसली आहे याची खात्री करा. डावा हात गोटी आणि एक्सटेन्शनच्या जोडावर ठेवून ती सरळ उभी धरा, उजव्या हाताने दांडा. दोन्ही हात दांड्याला लावले की गोटी कलंडते.

आधी अगदी जरासं आवळण्याच्या दिशेला रेटा. पाच-सहा अंश, घड्याळाच्या काट्याचं एक मिनिट. घट्ट धरलेला थर या उलट हालचालीने तुटतो, आणि कित्येकदा प्लग तिथेच ‘टिक्’ करतो. मग सोडण्याच्या दिशेला सावकाश जोर वाढवत न्या. धक्के देऊ नका.

इथे हाताला दोन वेगळ्या गोष्टी जाणवतात, आणि त्यांतला फरक ओळखणं हेच या कामातलं खरं कसब. प्लग सुटणार असेल तर दांडा घट्ट राहतो, मग अचानक तुटल्यासारखा हलतो आणि त्यानंतर जोर कमी लागतो. प्लग तुटणार असेल तर दांडा स्प्रिंगसारखा येतो. जोर लावला की पाच-दहा अंश हलतो, सोडला की परत जागेवर. कुठलाही आवाज नाही. हे प्लगचं धड पिळलं जात असल्याचं लक्षण, तेव्हा ताबडतोब थांबा. कोणता प्लग किती फिरला ते डोळ्यांनी दिसावं म्हणून पैलूवर आणि हेडवर मिळून पांढऱ्या पेनाची एक रेघ मारून ठेवा. दांडा हलतोय आणि रेघ तुटत नाही, म्हणजे आटे हलले नाहीत.

हलला नाही तर पुन्हा तेल, पुन्हा टिचक्या, पुन्हा रात्र. तीन-चार रात्री लागल्या तरी चालतील.

तरीही नाही म्हणत असेल तर ऊब द्या. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. १४ मिमीच्या भोकात ४० अंश तापमान वाढलं तर हेड आणि प्लगमध्ये सुमारे ६ मायक्रॉनचा फरक पडतो. केसाच्या जाडीचा हा जेमतेम दहावा हिस्सा, पण पुडीची पकड ढिली करायला तो उपयोगी पडतो. बॅटरीची तार आणि प्लगच्या वायरी जोडून इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, हेडवर हात दोन सेकंद टिकेल इतपत गरम होऊ द्या, बंद करा, तार आणि वायरी पुन्हा काढा आणि वरचीच कृती करा. पूर्ण तापलेल्या इंजिनात मात्र हात घालू नका. गरम ॲल्युमिनियम मऊ असतं आणि आट्यांचा धातू प्लगला चिकटून निघून येतो. ॲम्बेसिडरच्या बिडाच्या हेडात दोन्ही धातू सारखेच फुगतात, तिथे ही युक्ती विशेष कामाची नाही. तिथे तेल आणि टिचक्या यांवरच भिस्त ठेवा.

गॅस वेल्डिंगची ज्योत, ब्लो लॅम्प यांना इथे जागा नाही. कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी हातभर अंतरावर असते. गाडीला सीएनजी किट असेल तर कुठलंही तापवण्याचं काम करण्याआधी सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळीत उरलेला गॅस इंजिन चालवून संपवा. ओम्नीत तर इंजिन पुढच्या सीटखालीच असल्यामुळे वाफ गाडीच्या आतच साचते. दारं उघडी ठेवूनच काम करा.

हलल्यावर घाई नको

प्लग पाव फेरा फिरला की थांबा. खाचेत पुन्हा हवा मारा, कारण आता वॉशरखालचा कचराही सुटलेला असतो. पुन्हा थोडं तेल सोडा आणि पाच मिनिटं जाऊ द्या.

त्यानंतर अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत. असंच पुढे जा. जिथे घट्ट लागेल तिथून पुढे रेटू नका, मागे फिरवा, तेलाचे दोन थेंब टाका, मग पुन्हा पुढे. आवाजाकडे लक्ष ठेवा. कोरडा ‘कीऽऽ’ असा आवाज आला तर आटे एकमेकांना खात आहेत. अशा वेळी एक पूर्ण फेरा परत आत घ्या आणि अर्धा तास तेल मुरू द्या. आतली काजळी असेल तर शेवटचे तीन फेरे सगळ्यात अवघड जातात. वरून टाकलेलं तेल तिथवर सावकाश पोचतं. एका प्लगला पाऊण तास लागला तर तो वाया गेला असं समजू नका.

पैलू गोल झाले असतील तर २० ची किंवा इंची मापाची एक नंबर लहान सहा कोनांची गोटी हातोडीने ठोकून बसवता येते. आतून सर्पिल दातांची, गोल झालेले बोल्ट काढायची गोटी मिळाली तर ती उत्तम. हेही नाही साधलं तर मिस्त्री चिनी माती फोडून प्लगच्या पोलादी धडावर मोठा नट वेल्ड करतात. वेल्डच्या उष्णतेनेही पकड सुटते. हे काम ज्याचा हात बसलेला आहे त्याच्याकडूनच करून घ्या. बॅटरीच्या दोन्ही तारा आणि इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत संगणकाचा प्लगही आधी काढलेला हवा.

प्लग तुटला तर

फक्त वरची चिनी माती तुटली आणि पैलू शाबूत असले तर फार बिघडलेलं नाही. तुकडे व्हॅक्यूमने ओढून घ्या, बारीक फुंकर मारून उडवू नका. प्लगची चिनी माती ॲल्युमिनाची असते, बिडापेक्षा कितीतरी कठीण. मोहरीएवढा तुकडा आत पडला तर सिलिंडरच्या भिंतीवर उभी रेघ पडते आणि पुढे इंजिन तेल प्यायला लागतं. सगळं स्वच्छ झाल्यावर खोल गोटीने नेहमीप्रमाणे काढा.

पैलूसकट वरचा भाग हातात आला आणि आटे असलेलं धड आत राहिलं, तर हात थांबवून आधी विचार करा. ज्या सिलिंडरचा प्लग तुटला त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात वर आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि पडलेले तुकडे भोकाच्या जवळच राहतात. मधला चिनी मातीचा गाभा आत उरला असेल तर तो व्हॅक्यूम आणि लांब नाकाच्या पक्कडीने वर ओढून काढा, खाली ढकलू नका. मग चौकोनी निमुळता एक्स्ट्रॅक्टर ग्रीस लावून हलक्या हाताने बसवा आणि सावकाश फिरवा. सर्पिल ‘ईझी आउट’ आम्ही टाळतो. तो जितका फिरतो तितका धडाला आतून फुगवतो आणि पकड आणखी घट्ट करतो. एक्स्ट्रॅक्टर आतच तुटला तर तो ड्रिललाही दाद देत नाही.

दोन प्रयत्नांत आलं नाही तर हेड काढा. ८०० सारख्या तीन सिलिंडरच्या छोट्या इंजिनात हेड काढणं हे एका दिवसाचं काम आहे, आणि टेबलावर उलटं ठेवलेल्या हेडातून धड काढताना सिलिंडरची चिंता राहत नाही. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) लेथ आणि ड्रिलिंगची कामं करणारी वर्कशॉप्स आहेत, हेड तिथे नेता येतं. तिथला गुजराती कारागीर आट्यांना ‘आंटा’ म्हणतो, तेव्हा समजावायला अडचण पडत नाही. माप मात्र लिहून न्या: १४ मिमी, १.२५ मिमीचा पीच (दोन आट्यांमधलं अंतर), आणि जुन्या प्लगच्या आट्यांची लांबी. आटे गेले असतील तर त्यांच्याकडून भक्कम बुश किंवा हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. हेड समतल आहे का तेही त्याच फेरीत तपासून घ्या आणि नवीन हेड गॅस्केटशिवाय परत बसवू नका.

पुरात उभी राहिलेली गाडी

३१ जुलै २०१९ च्या पावसानंतर आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा शहरात असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाडीत जाम प्लगचा प्रश्न वेगळ्या निकडीने येतो. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असण्याची शंका असेल तर प्लग काढल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टन त्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो. धक्का मारून गिअरमध्ये टाकणंही तितकंच धोक्याचं.

इथे चार रात्री थांबायला वेळ नसतो, कारण आत पिस्टनच्या रिंगांवर गंज चढत असतो. जे प्लग सहज निघतात ते त्याच दिवशी काढा, त्या सिलिंडरांत १५-२० मिली इंजिन तेल सोडा. अडकलेल्या प्लगला तेल-टिचक्या दर दोन तासांनी करा आणि हेअर ड्रायर किंवा हॉट एअर गनने हेडचा त्याच्या भोवतालचा भाग उबदार करा. ज्वालाग्राही तेल पुसून आणि वारा खेळता ठेवूनच. सगळे प्लग निघेपर्यंत इंजिन हातानेही फिरवू नका. निघाल्यावर क्रँकच्या पुलीला पाना लावून दोन फेरे हाताने द्या. पाणी भोकांतून भसकन बाहेर येतं, म्हणून तोंड बाजूला ठेवा.

निघालेला प्लग आणि राहिलेले आटे

निघालेल्या प्लगचे आटे उजेडात बघा. पांढरी पूड असेल तर ओल कुठून येते ते शोधा. टोकाशी काळा कडक थर असेल तर प्लगची लांबी तपासा. आट्यांच्या खाचांत चकचकीत रुपेरी कण दिसले तर ते हेडचं ॲल्युमिनियम आहे, आणि नवा प्लग बसवण्याआधी हेडचे आटे नीट करावे लागतील.

त्यासाठी आटे कापणारा टॅप वापरू नका, तो चांगलाही धातू खरवडतो. आटे साफ करणारा १४ × १.२५ चा चेसर घ्या. नसेल तर घरगुती उपाय आहे: त्याच मापाच्या जुन्या, शाबूत प्लगच्या आट्यांवर हॅक्सॉने उभ्या तीन खाचा पाडा, कडांचे बर (कापताना उठलेले खरखरीत काठ) काढा, खाचांत घट्ट ग्रीस भरा. पिस्टन वर आणून हा प्लग हाताने आत घाला, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. कचरा ग्रीसला चिकटतो. दोन फेऱ्यांनंतर बाहेर काढून पुसा, नवं ग्रीस भरा, पुन्हा. ग्रीसवर कचरा येणं थांबेपर्यंत हे चालू ठेवा.

मग इग्निशन कॉइलची वायर काढून बाजूला बांधा, इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, बॅटरीची तार परत जोडा, भोकांवर चिंधी ठेवा आणि स्टार्टर चार-पाच सेकंद मारा. मुरवलेलं तेल आणि उरलेले कण बाहेर येतात. हे न करता प्लग बसवले तर पहिल्याच फेऱ्याला नवे प्लग तेलाने ओले होतात.

नवा बसवताना

नवा प्लग जुन्याशेजारी धरून आट्यांची लांबी जुळवा, पण जुनाच चुकीचा असू शकतो म्हणून गाडीच्या पुस्तकातला नंबरही बघा. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘मायकोचा प्लग’ असतो. ती कंपनी आता बॉशच्या नावाने ओळखली जाते, तेव्हा दुकानात नाव नाही तर नंबर सांगा. कार्बोरेटरच्या ८०० ला ०.७ ते ०.८ मिमी गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती टोकाची फट. सीएनजीवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, तिथे किटवाल्याने दिलेला आकडा पाळा आणि प्लग लवकर बदला.

प्लगच्या डोक्यावर १५-२० सेंटीमीटर पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा बसवून तो त्या नळीने फिरवत आत घाला. आटे तिरके लागले तर नळी घसरते आणि पाना लावून आटे उडण्याआधीच कळतं. पूर्ण बोटांनी बसेपर्यंत पाना नको. नंतर ॲल्युमिनियममध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा) नसेल तर नव्या वॉशरचा प्लग बोटाने टेकल्यावर अर्धा फेरा, आधी बसवलेला परत बसवत असाल तर फक्त ३० अंश. निमुळत्या बुडाच्या, वॉशर नसलेल्या प्लगला हे लागू नाही, तो फेऱ्याच्या सोळाव्या हिश्शात बसतो.

न चिकटू देणारी पेस्ट लावावी का? चकचकीत मुलामा असलेल्या आट्यांना नको. मुलामा तेच काम करतो, आणि पेस्टमुळे आटे निसरडे होऊन तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. काळे, बिनमुलाम्याचे आटे असतील तर टोकाचे दोन आटे सोडून त्यापुढे काडीच्या टोकाएवढी लावा आणि टॉर्क पाव हिश्श्याने कमी करा.

टोपीच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या म्हणजे पावसाचं पाणी शिरत नाही आणि टोपी चिकटत नाही. क्वचित चालणाऱ्या गाडीचे प्लग दरवर्षी मे अखेरीस, पावसाच्या आधी, एकदा सैल करून परत बसवा.

वायरी आकड्यांप्रमाणे लावून इंजिन सुरू करा. पंधरा मिनिटं चालू द्या, पूर्ण थंड होऊ द्या, मग पुन्हा सुरू करून प्रत्येक प्लगच्या बुडाशी सिरिंजने साबणाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब सोडा. टोपीवर उडू देऊ नका आणि वायरींना हात लावू नका. बुडबुडे आले तर त्या प्लगखालून दाब निसटतोय. इंजिन बंद करा, तो काढा, वॉशर आणि हेडची बैठक पुसून बघा. बहुतेक वेळा तिथे काजळीचा एखादा कण सापडतो.